‘लॉकवुड अँड कंपनी’ मोठ्यांनी का वाचावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर येणारे बहुतेक जण चाळिशी ओलांडलेले. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी अजून शाळेत शिकवणारं, काही जणी नातवंडांना शाळेच्या रिक्षात बसवून मग येणाऱ्या. त्यांच्या हातात मी जोनाथन स्ट्राउड या इंग्रज लेखकाची ‘लॉकवुड अँड कंपनी’ ही पाच पुस्तकांची मालिका देते, तेव्हा मुखपृष्ठ बघून पहिला प्रश्न डोळ्यांतच दिसतो. पुढचेही ठरलेले असतात. ते आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. रहस्य कुठेही फोडलेलं नाही. पहिल्या काही प्रकरणांत कळतं तेवढंच सांगितलंय, आणि पुढच्या भागांतलं काही आलंच तर अगदी वरवरचं.

ही मालिका आहे तरी कशाची?

इंग्लंडात सुमारे पन्नास वर्षांपूर्वी मेलेली माणसं परत यायला लागली. रात्रीची, आपापल्या मरणाच्या जागी. भुताचा स्पर्श झाला की अंग सुजतं, निळं पडतं आणि वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर माणूस जातो. त्यामुळे अंधार पडायच्या आत सगळा देश घरात. रस्त्यावर भुतं पिटाळणारे झगझगीत दिवे, दारांवर लोखंडाच्या वस्तू, खिडक्यांत लव्हेंडर. या सगळ्या संकटाला पुस्तकातले लोक नुसतं ‘प्रॉब्लेम’ म्हणतात, अगदी इंग्रजी संयमानं.

खरी गोम पुढे आहे. ही भुतं फक्त लहान मुलांना आणि किशोरांना नीट दिसतात, ऐकू येतात, स्पर्शातून जाणवतात. वय वाढलं की ती शक्ती ओसरते. मग भुतांचा बंदोबस्त करायचा कुणी? मुलांनी. त्यासाठी एजन्स्या निघाल्यात, मुलं त्यांत पगारावर असतात आणि मोठी माणसं पर्यवेक्षक. लंडनमधल्या ३५, पोर्टलँड रो या पत्त्यावर मात्र एक छोटी एजन्सी अशी आहे जिथे मोठं माणूसच नाही. अँथनी लॉकवुड हा तिचा मालक, जॉर्ज कबिन्स संशोधन बघणारा आणि लूसी कार्लाइल ही नव्यानं आलेली मुलगी. सगळी गोष्ट लूसीच सांगते.

पण ही मुलांची पुस्तकं ना? आम्ही कशाला वाचायची?

कारण या गोष्टीत आपणच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहोत.

लूसी उत्तर इंग्लंडातल्या एका लहान गावची, सात बहिणींत धाकटी. वडील रेल्वेत हमाल, दारूपायी गेलेले. तिला ऐकू येतं हे कळल्यावर आठव्या वर्षी आई तिला गावच्या एजंटाकडे कामाला लावते. पगार घरी येतो. पुढे एका पडक्या गिरणीत मुलं आत जातात, तो मोठा माणूस बाहेर थांबतो, आत मुलं मरतात आणि चौकशीत तो निर्दोष सुटतो. लूसी एकटी वाचते आणि लंडनची गाडी पकडते. हे सगळं पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच थोडक्यात येतं. बारा वर्षांचा वाचक ही पानं भराभर उलटतो, त्याला तलवारी हव्या असतात. आपण तिथे अडखळतो. त्या आईवर मला राग येतो आणि तिचं कुठं चुकलं ते नेमकं सांगताही येत नाही. घरात इतक्या मुली, नवरा गेलेला, आणि गावातली सगळीच मुलं तेच काम करताहेत.

साताऱ्याच्या वाचकाला हे जास्त टोचतं असा माझा अनुभव आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली इथेच सुरू झाली, आणि आता तर भरतीपूर्व अकॅडम्या आणि निवासी क्लासेस जागोजागी आहेत. पोराची ट्रंक हॉस्टेलवर पोचवून एसटीनं परत आलेले आईबाप आमच्या कट्ट्यावर किती तरी आहेत. त्या ट्रंकेचा आणि भुतांच्या एजन्सीचा संबंध नाही हे मलाही कळतं. पण ‘त्याच्या भल्यासाठीच’ हे वाक्य पुस्तकात कुणी तरी म्हणतं तेव्हा खोलीत जरा शांतता होते.

मोठ्यांनी बघावी अशी दुसरी गोष्ट म्हणजे शक्ती ओसरण्याची भीती. क्विल किप्स नावाचा एक तरुण आहे, प्रतिस्पर्धी एजन्सीतला, खवचट, डौलात राहणारा. विशीच्या आसपासचा, म्हणजे या धंद्यात म्हातारा. सुरुवातीला तो निव्वळ वैताग आणतो. मग हळूहळू लक्षात येतं की त्याला आता अंधुक दिसतंय, आणि हे त्यालाही माहीत आहे, आणि उद्या त्याला याच मुलांवर पर्यवेक्षक म्हणून उभं राहायचंय. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाला किप्स जितका समजतो तितका शाळकरी पोराला समजणं शक्य नाही. माझ्या मते मालिकेतलं सगळ्यात मोठ्यांसाठी लिहिलेलं पात्र तेच.

भीती किती वाटेल?

वाटते. लेखक रक्त फार सांडत नाही, हवा थंड करतो. थर्मामीटरचा पारा उतरतो, जिभेवर कुजका वास बसतो, हातपाय जड होऊन उदास वाटायला लागतं, कारण नसताना भीती दाटते. भूत जवळ आल्याच्या या चार खुणा मुलं नोंदवत राहतात आणि वाचकही नकळत मोजायला लागतो. पहिल्या पुस्तकातला शेवटचा मोठा भाग एका जुन्या गढीवजा घरात घडतो, तिथला जिना मी रात्री एकटीनं वाचायला सांगत नाही. तिसऱ्यात रात्रीचं एक मोठं डिपार्टमेंट स्टोअर आहे, चेल्सी भागातलं. आणि ज्यांना उंदरांची किळस आहे त्यांनी दुसरं पुस्तक जेवताना उघडू नये.

मात्र भीतीच्या मध्ये चहा होतो. शब्दशः. मुलं भुताच्या घरात शिरली की आधी स्वयंपाकघरात किटली चढवतात, बिस्किटं काढतात आणि बिस्किटांच्या वाटणीवरून भांडतात. पोर्टलँड रोवरच्या घरात जेवणाच्या टेबलावर एक कापड पसरलेलं असतं, त्यावर तिघं टाचणं, चित्रं, टोमणे असं काहीही खरडतात. या घरगुतीपणामुळे वाचक निवांत होतो. मग पुढची भीती नीट बसते.

धारप आणि मतकरी वाचून वाढलोय. हे पाणचट नाही ना वाटणार?

हा प्रश्न कट्ट्यावर सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारे आवाज जरा उंचावूनच विचारतात.

नारायण धारपांच्या कथांत अमंगल शक्ती बाहेरून येते आणि तिच्यासमोर त्यांच्या ‘समर्थ’ या पात्रासारखा साधना असलेला माणूस उभा राहतो. वाचकाचा आधार त्या माणसाच्या तपात असतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत असा आधारच मिळत नाही. चारचौघांसारख्या घरातली चारचौघांसारखी माणसं, आणि भीती त्यांच्या मनातून निघालेली. स्ट्राउड यांच्याकडे या दोन्ही गोष्टी नाहीत. त्यांच्याकडे धंदा आहे. गिऱ्हाईक येतं, आगाऊ रक्कम ठरते, पिशवीत लोखंडी साखळ्या, मिठाचे बॉम्ब आणि मॅग्नेशियमचे भडके भरले जातात, काम झालं की बिल. पहिल्याच कामात ही मंडळी गिऱ्हाइकाचं घर जाळून बसतात आणि साठ हजार पौंडांची भरपाई अंगावर घेतात. पुढचं सगळं कथानक त्या कर्जातून हलतं. धारपांच्या समर्थांना कधी कुणी भरपाई मागितल्याचं मला आठवत नाही.

म्हणून तुलना करत वाचू नका. समर्थांची वाट बघत बसलात तर निराश व्हाल. कंत्राटदाराच्या नजरेनं वाचलंत तर मजा येईल. आमच्याकडे एका निवृत्त पीडब्ल्यूडी अभियंत्यांना ही मालिका सर्वांत आधी आवडली, कारण प्रत्येक कामाआधी साहित्याची यादी येते.

आपल्याकडच्या भुतांशी यांचं काही जमतं का?

जितकं जमतं तितकं पाहून मी चाट पडले.

यांच्या भुतांना लोखंड सोसत नाही, मीठ सोसत नाही, वाहतं पाणी ओलांडता येत नाही, चांदी तर मुळीच नको. आता आपल्याकडचं आठवा. बाळंतिणीच्या उशाखाली विळा नाहीतर अडकित्ता ठेवायची रीत बऱ्याच घरांत होती. दृष्ट काढायची ती मीठ-मोहरीनं. इंग्लंडातल्या आणि मराठी मुलखातल्या म्हाताऱ्या एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, तरी दोघींनी पोराच्या उशाशी लोखंडच ठेवलं. फक्त मुलांना दिसणं हेही आपल्याला परकं नाही. पायाळू माणसाला इतरांना न दिसणारं दिसतं, जमिनीतलं धन कळतं, असं आपल्याकडे मानत. पायाळू पोराला धन शोधायला वापरणारे लोकही गोष्टींत असतातच. लूसीच्या आईची आठवण इथे पुन्हा येते.

वर्गवारीचं म्हणाल तर आपण त्यांच्या पुढेच आहोत. हडळ, मुंजा, खवीस, समंध, झोटिंग, चकवा, वेताळ, प्रत्येकाचं खातं वेगळं, राहायची जागा वेगळी. लग्नाआधी गेलेला मुंजा पिंपळावर, चकवा रानवाटेवर. पुस्तकात टाइप वन आणि टाइप टू असे मुख्य भाग आहेत. पहिल्या प्रकारातली भुतं मंद, तेच तेच करत राहणारी, माणसाची दखल न घेणारी. दुसऱ्या प्रकारातली तुमच्याकडे बघतात, आणि मग तुमच्याकडे येतात. तिसरा प्रकार बोलतो, पण तो इतका दुर्मीळ की त्यावर कुणाचा विश्वासच नाही. या तिसऱ्याबद्दल मी गप्प बसते.

एक मोठा फरक आहे. आपल्या भुताला काहीतरी हवं असतं, नैवेद्य, नारळ, अपुरी राहिलेली इच्छा. यांच्या भुताला एक ‘सोर्स’ असतो, म्हणजे हाड, दागिना, आरसा अशी एखादी वस्तू, जिच्याशी ते बांधलेलं असतं. ती वस्तू शोधून चांदीच्या जाळीत गुंडाळली की काम संपलं. बोलाचाली नाही, मागणं नाही. लूसीला हेच खटकत राहतं. तिला ऐकू येतं ना, त्यामुळे तिला वाटतं की भुताला आधी विचारावं, बाई, झालं काय होतं तुझ्याबरोबर. कंपनीतले बाकीचे म्हणतात असलं काही करू नकोस, मरशील. सगळ्या मालिकेचा ताण या एका भांडणावर उभा आहे आणि आपल्याकडच्या वाचकाचा कल लगेच लूसीकडे झुकतो.

वाहत्या पाण्याचा नियम लावला तर साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला कसलाच धोका नाही. राजघराण्याच्या समाध्या तिथे कृष्णा-वेण्णेच्या काठीच आहेत, थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीसुद्धा.

दाभोलकरांच्या गावात भुतांची पुस्तकं वाटता?

हो. हा प्रश्न कुणी गमतीनं विचारतं, कुणी खरंच रागानं. दोघांनाही उत्तर एकच.

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. १९४५ चा जन्म, पेशानं डॉक्टर, कबड्डीचे नावाजलेले खेळाडू, १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या. त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भुताचं नाव घेऊन माणसांना घाबरवणं, अंगात आलंय म्हणून मारहाण करणं, त्यातून पैसा काढणं, हे त्या कायद्याच्या कक्षेत येतं. कादंबरी वाचणं येत नाही. गोष्टीतलं भूत गोष्टीपुरतं असतं, ते कुणाच्या सुनेच्या अंगात शिरत नाही.

आता जरा पुढचं. ही मालिका बारकाईनं वाचली तर ती भीतीच्या बाजारावर लिहिलेली आहे. लोखंड विकणारे कारखानदार गबर झालेत. दोन मोठ्या एजन्स्यांनी, फिट्स आणि रॉटवेल, सगळा धंदा वाटून घेतलाय. सरकारी खातं त्यांच्या तोंडाकडे बघतं. आणि पन्नास वर्षांत ‘हे मुळात सुरू का झालं’ हा साधा प्रश्न कुणी लावून धरलेला नाही, कारण उत्तर मिळालं तर दुकानं बंद होतील. तो प्रश्न धरून बसतो जॉर्ज. गबाळा, चष्मा पुसत राहणारा, दिवसचे दिवस दप्तरखान्यात आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींत बसणारा. एखाद्या जमिनीच्या वादात जुने फेरफार शोधत सिटी सर्व्हेच्या पायऱ्या झिजवणारा माणूस डोळ्यासमोर आणा, तो जॉर्ज. तो तापमान मोजतो, नकाशावर टिंबं मांडतो, पुरावा मागतो. गावात शोभतो तो आपल्या.

इंग्रजी झेपेल का?

आमच्याकडच्या प्रती इंग्रजी आहेत, त्यामुळे हा अडसर खरा आहे. वाक्यं मात्र सोपी, लूसी बोलल्यासारखं लिहिते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आणि नंतर ऑफिसात इंग्रजी पत्रं वाचलेल्या माणसाला पहिली पन्नास पानं जड जातील, मग नाही.

युक्ती एकच. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी परिभाषेची यादी आहे, ती आधी वाचा. रेपिअर म्हणजे बारीक लांब तलवार, घोस्ट-लॉक म्हणजे भूत समोर आल्यावर अंग खिळून जाणं, असे शब्द तिथे समजावलेत. आणि दुसरं, पहिलं पुस्तक एका कामाच्या मधोमध सुरू होतं, नंतर लूसीच्या मागच्या आयुष्यात जातं, मग परत येतं. ‘काही समजेना’ म्हणून पुस्तक परत करणारे सगळे याच ठिकाणी परत करतात. तेवढा टप्पा ओलांडा. शब्द अडला तर मोबाइलवर बघत बसू नका, पुढे चला, भूत आलं की अर्थ कळतो.

कुठल्या क्रमानं वाचायची?

जशी आली तशी. ‘द स्क्रीमिंग स्टेअरकेस’ २०१३, ‘द व्हिस्परिंग स्कल’ २०१४, ‘द हॉलो बॉय’ २०१५, ‘द क्रीपिंग शॅडो’ २०१६, ‘द एम्प्टी ग्रेव्ह’ २०१७. मधूनच उचलू नका.

पहिली दोन आपापली पूर्ण आहेत, तिथे थांबलात तरी चुटपुट फारशी लागणार नाही. तिसऱ्याचा शेवट वाचल्यावर थांबवत नाही. तिसरं मला पाचांत सर्वांत आवडतं, कारण त्यात घरात चौथं माणूस येतं, हॉली मनरो नावाची नीटनेटकी मुलगी, आणि लूसीचा जळफळाट लेखकानं जराही गोड न करता लिहिलाय. चौथ्यात खेडेगावातला भाग मला थोडा लांबलेला वाटतो. शेवटचं पुस्तक सगळी धागेदोऱ्यांची गुंतवळ सोडवतं, एक-दोन गाठी जरा पटकन सुटतात, पण फसवणूक नाही.

नेटफ्लिक्सवर आहे ना? तेच बघितलं तर?

बघा. २७ जानेवारी २०२३ ला आठ भाग आले, जो कॉर्निश यांनी केलेले, पहिल्या दोन पुस्तकांवर बेतलेले. कामं चांगली आहेत, लंडन चांगलं ओलं आणि काळोखी आहे. पण त्याच वर्षी मे महिन्यात पुढचा हंगाम होणार नाही असं जाहीर झालं, त्यामुळे पडद्यावर गोष्ट अर्ध्यात लटकली. उरलेली तीन पुस्तकं वाचायलाच लागतात. काही जणांनी आमच्याकडे मालिका बघून थेट तिसरं पुस्तक मागितलं. दिलं नाही. कवटीचे सगळे टोमणे पडद्यावर मावलेले नाहीत.

कवटी? कसली कवटी?

काचेच्या बरणीत ठेवलेली एक जुनी कवटी. तिच्यात भूत अडकलेलं. जॉर्जनं ती प्रयोगांसाठी घरात आणून ठेवली आहे आणि ती स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत कुठेही सापडते. ती लूसीशी बोलते. काय बोलते? घालूनपाडून. लूसीचे केस, लॉकवुडचा कोट, जॉर्जचं पोट, कुणाचीच सुटका नाही. गिऱ्हाइकाचा जीव वाचवायचा की जाऊ द्यायचा यावर तिची मतं ऐकली की हसू येतं आणि नंतर हसल्याची लाज वाटते.

आपल्याकडे प्रत्येक मोठ्या वाड्यात एक आत्याबाई असायच्या, ज्यांना कुणी बोलावत नाही आणि ज्यांच्यावाचून लग्नाची यादी पूर्ण होत नाही. कवटीचं स्थान साधारण तेच. फक्त ती तुमच्या मरणाची वाट उघडपणे बघते. मोठ्या वाचकांना तिचा लळा लागतो, मुलांपेक्षा जास्त. कारण सरळ आहे, खरं बोलणारं या गोष्टीत ते एकच पात्र आहे आणि तेही खोटारडं.

प्रेमप्रकरण किती?

नावाला. लूसी आणि लॉकवुड यांच्यात काहीतरी आहे हे वाचकाला दिसतं, त्या दोघांनाच बराच काळ दिसत नाही. किशोरांच्या कादंबऱ्यांतले ते दोन नायकांमध्ये झुरणं वगैरे इथे नाही. लॉकवुडच्या घरात एक बंद खोली आहे, ती उघडणं हेच या मालिकेतलं प्रणयाचं पान म्हणा.

मुलांना कितव्या वर्षी द्यावी?

अकरा-बारापासून चालेल, इंग्रजी वाचणारं असेल तर. शिवीगाळ नाही, शरीरसंबंध नाही. खून आहेत, प्रेतं आहेत, मुलांचे मृत्यू आहेत. आधी तुम्ही वाचा. नंतर पोर रात्री दिवा चालू ठेवून झोपलं तर निदान कारण माहीत असेल.

कुणाला देऊ नये असं वाटतं?

घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर थांबा. पुस्तकात मेलेल्यांना परत बोलवायच्या इच्छेबद्दल बरंच आहे आणि ते खोल जातं. एका बाईंना मी स्वतःहून सांगितलं, वर्षभरानं न्या.

ज्यांना ‘पोरं मोठ्यांना उलट बोलतात’ हे सहन होत नाही त्यांनाही देत नाही. ही पोरं सतत उलट बोलतात, आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असतं. तसंच ज्यांना सगळे नियम पहिल्या पुस्तकातच समजावून हवेत, भुतं का आली, कशी आली, त्यांची चिडचिड होईल. उत्तर पाचव्यापर्यंत लांबवलंय.

वाचनगटात चर्चेला घ्यायची तर सुरुवात कशी करावी?

‘मुलांचं’ हा शब्द आधी काढू नका. पहिल्या प्रकरणातली दारावरची बेल आणि गिऱ्हाइकाशी बोलणं मोठ्यानं वाचून दाखवा, मी ते करते, आणि मग पुस्तक मिटवा. निम्मे जण तिथेच विचारतात, पुढे काय.

चर्चेत भुतांवर अडकू द्यायचं नाही. आम्ही लूसीच्या आईपासून सुरुवात केली होती. तिनं पैसे घेतले हे चूक की नाही, एवढंच विचारलं. त्यावर जी जुंपली ती चहा गार होईपर्यंत चालली, आणि एरवी गप्प बसणाऱ्या एका गृहस्थांनी स्वतः नवव्या वर्षी घर सोडून मामाकडे दुकानात राहिल्याचं सांगितलं. भुतांचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

पावसाळ्यात घ्या. यवतेश्वरचा डोंगर धुक्यात गडप झालेला असतो आणि संध्याकाळी सहालाच दिवे लावावे लागतात.

भिलारला मिळतील का ही पुस्तकं?

तिथे याच्यासाठी जाऊ नका. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं ते पुस्तकांचं गाव २०१७ साली सुरू झालं ते मराठी पुस्तकं घराघरांत ठेवून. जा जरूर, पण धारप-मतकरींसाठी. लॉकवुड ऑनलाइन मागवा, पेपरबॅक घ्या, नाहीतर पुण्याला कुणी जाणारं असेल तर त्याला सांगा.

ही संपली की पुढे काय?

याच लेखकाची बार्टिमियस ही आधीची मालिका आहे, पहिलं पुस्तक २००३ चं. त्यात जादूगार राज्य करतात आणि एक जिन्न तळटीपांमधून त्यांची टिंगल करतो. कवटी आवडली असेल त्यांना तो जिन्न आवडेलच, भीती मात्र कमी.

पाचही भाग एकदम न्यायला मिळतील का?

नाही. एका वेळी दोन. तिसरा भाग नेणाऱ्यानं चौथा बरोबर न्यायचा, नाहीतर मग रात्री अकराला फोन येतात. पानांवर पेन्सिलीनं अर्थ लिहिलेत ते खोडू नका, पुढच्याला उपयोगी पडतात. चौथ्या भागाच्या एका प्रतीवर चहा सांडलेला आहे, तो तसाच आलाय, तुमच्यावर येणार नाही.